बिनउंबऱ्याची गाडी

"उंबरा कापला तर गाडी मधोमध वाकेल," असे मी माझ्या थोरल्या बहिणीला सांगितले, तेव्हा ते खोटे आहे हे मला पक्के ठाऊक होते. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आज मी पन्नाशी ओलांडली आहे. वय लहान होते, ही सबब मी सांगणार नाही. अभियांत्रिकीची पदविका हातात होती आणि पोलाद किती भार झेलते याची गणिते मला येत होती. पटण्याजोगे खोटे बोलायला थोडे ज्ञान लागते. तेवढे माझ्याकडे होते.

गाडीच्या दाराखाली जी आडवी पट्टी असते, जिच्यावरून पाय उचलून आत टाकावा लागतो, तिला आमच्या कारखान्यात उंबरा म्हणत. मी तेव्हा सांगलीत, ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला होतो. आक्का कोरेगावात आमच्या घरी राहायची आणि एसटीने जवळच्या गावातल्या शाळेत शिकवायला जायची. तिचा डावा पाय पोलिओने लहानपणीच गेला होता. त्या पायाला मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी कॅलिपर आणि काखेत कुबडी. तिचा एकच नियम होता आणि तो तिने भल्याभल्यांना ऐकवला होता: मला कुणी उचलायचे नाही. एसटीच्या पायऱ्या उंच असत. कंडक्टर घाईने ओरडायचा, "उचला बाईंना, धरा कुणीतरी!" आक्का तिथेच उभी राहून म्हणायची, "मी पोतं न्हाई. दम धरा, न्हाईतर जावा." पुष्कळदा एसटी निघून जायची. आक्का दुसऱ्या गाडीची वाट पाहत उभी राहायची आणि शाळेत उशीर झाल्याबद्दल बोलणी खायची. उचलून घेतले असते तर ती वेळेवर पोचली असती. तिने बोलणी पत्करली.

त्या सुमारास एका सूतगिरणीतली माल ओढणारी बॅटरीवरची गाडी भंगारात निघाली. तिची मोटर मी मिळवली आणि आक्काला म्हणालो, की आपण तुझ्यापुरती एक छोटी, स्वस्तातली विजेवरची गाडी करू. या गाडीला क्लच नसतो. डाव्या पायाला कामच नाही.

आक्काने उजवा पाय जमिनीवर दाबून पाहिला. मग म्हणाली, "म्हंजे एकच पाय पुरतो?"

"पुरतो."

"मग ही कुणी माझ्यासाठीच काढलीया, गड्या."

आमच्या कारखान्यात एक पद्धत होती. बॉडी बांधण्याआधी गाडीच्या मालकाने किंवा ड्रायव्हरने स्वतः येऊन, उघड्या सांगाड्यात खोक्यावर बसून माप द्यायचे. हात कुठवर पोचतो, गुडघा कुठे येतो, ते मिस्त्री खडूने लोखंडावर आणि खालच्या फरशीवर आखत. पार हुबळीकडून ड्रायव्हर मापाला येत. आक्काही सांगलीला आली. सांगाड्यातल्या खोक्यावर ती बसली, तेव्हा हातातली कामे टाकून सगळे पाहू लागले, कारण आजवर त्या खोक्यावर बाईमाणूस बसले नव्हते.

मिस्त्रींना तिने पहिला प्रश्न विचारला, "दार उघडल्यावर भायेर येतं का?"

"आवं बाई, भायेरच येणार की."

"आन् आमची गल्ली एवढीशी. कुबडी घिऊन मी मागं सरू, दार धरू, का गटारात बसू?"

सगळे हसले. मिस्त्री हसता हसता विचारात पडले. "मग सरकतं बसवू का? बेकरीच्या टेम्पोला बसवतो तसं?"

"पाव सुखरूप उतरत्यात न्हवं त्यातनं? मग बाई बी उतरंल."

तिने आणखी दोन गोष्टी मागितल्या. बैठक खुर्चीएवढी उंच हवी, म्हणजे तिला धपकन खाली पडावे लागणार नाही. आणि उंबरा नको. आधी बाजूने बसायचे, मग डावा पाय हाताने ओढून बूट सपाट तळावरून आत सरकवायचा, असे तिने प्रत्यक्ष करून दाखवले. मिस्त्रींनी खालच्या चौकटीवर हात फिरवला. आमची गाडी ट्रकसारखी वेगळ्या चौकटीवर उभी होती, भार सगळा तिच्यावर. दाराखालची पट्टी कापली तरी काही बिघडणार नव्हते. मला ते माहीत होते आणि मिस्त्रींनाही. बाईंच्या बुटाभोवती त्यांनी खडूने रेघ ओढली.

आता माझे सांगतो. त्या मापाने जी गाडी होणार होती ती उंच, चौकोनी, सरळ उभ्या पाठीची होती. कारखान्यातले पोरगेले कारागीर मला विचारू लागले, "काय साहेब, पाव कवा भाजायला घ्यायचं?" मला हवी होती बसकी गाडी, उतरत्या नाकाची, दोन लांब दारांची. परदेशी मासिकांतली तशी चित्रे मी खोलीत चिकटवली होती. पण एवढ्यावर थांबलो तर मी पुन्हा अर्धेच खरे सांगेन. मला भीती होती ती निराळी. ही गाडी पाहून लोक म्हणतील, ही अपंगांची गाडी. माझ्या हातून घडलेली पहिली वस्तू, आणि तिच्यावर माझ्या बहिणीच्या पायाची खूण असेल, याची मला लाज वाटली.

एके सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन मी ओल्या चिंध्यांनी खडूच्या रेघा पुसल्या. मिस्त्रींना सांगितले, आक्काचे मत बदलले, तिला बसकी गाडी हवी आहे. ते म्हणाले, "बाईंनीच सांगितलं? मग बांधू की तशी." आक्काला काहीच कळवले नाही.

गाडी झाली. दिसायला सुंदर झाली, हे आजही नाकारत नाही. एका चार्जमध्ये ती कोरेगावपर्यंत पोचणे शक्य नव्हते, म्हणून ट्रकमध्ये घालून नेली. गल्लीत माणसे जमली. धम्म घेतल्यापासून आमच्या घरात नव्या वस्तूला नारळ आणि लिंबू बंद झाले होते. त्याऐवजी आजोबांनी रीत घातली होती, की घरातल्या थोरल्याने ती आपल्या हाताने उघडायची आणि आधी त्याने वापरायची. वडिलांमागे थोरली आक्का होती. ती निळ्या काठाचे पांढरे पातळ नेसून आली आणि तिने दार उघडले. ते लांब दार शेजाऱ्यांच्या ओट्याला जाऊन टेकले. उरलेल्या फटीतून ती कशीबशी वळली आणि बैठक शोधत तिने मागे हात नेला. बैठक फार खाली होती. तिने पाय ओढला. बूट उंबऱ्यावर ठणकन आपटला. पुन्हा ओढला. पुन्हा आपटला.

"आरं, उचला की बाईंना!" कुणीतरी म्हणाले. "धरा रं दोघं!"

दोघे पुढे झाले. त्यांत एक मी होतो.

"हात लावायचा न्हाई," आक्का म्हणाली. ती कुबडी टेकून सरळ उभी राहिली आणि तिने माझ्याकडे पाहिले. "माप दिलं हुतं मी. काय झालं त्याचं?"

तेव्हा मी ते वाक्य बोललो. उंबरा कापला तर गाडी मधोमध वाकेल. आणि वर जोडले, "मिस्त्री म्हणाले."

"मिस्त्री म्हणालं?"

"हो."

"मग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "पण मी बसल्याबिगर हिच्यात कुणी बसायचं न्हाई. तू बी न्हाई."

पूर्ण उन्हाळा गाडी पडवीत उभी राहिली. शाळेला सुटी लागेपर्यंत आक्का पुन्हा एसटीच्या थांब्यावर उभी राहत होती. माझा अंदाज होता, की ती कंटाळून कधीतरी म्हणेल, बरं, धरा मला. माझ्या बहिणीला मी किती कमी ओळखत होतो!

शाळा उघडायच्या आधी तिने खिडक्यांच्या जाळ्या करणाऱ्या गावातल्या वेल्डरला बोलावले. मी सुटीवर घरी होतो. वेल्डर माझ्याकडे पाहत बिचकत म्हणाला, "बाई, तुमचा भाऊ इंजिनियर हाय. त्यो म्हणतो वाकंल."

"वाकू दे. मी बी वाकडीच हाय. आमचं दोघींचं जमंल."

त्या क्षणी मला खरे बोलता आले असते. त्याऐवजी मी म्हणालो, "मी सांगायचे ते सांगितले. पुढची जबाबदारी तुझी."

"माझीच हाय," ती म्हणाली. "कवा न्हवती?"

वेल्डरने आधी तिच्या बाजूचे दार काढले, मग उंबरा कापला. बैठकीखाली लाकडी ओंडका बसवून ती उंच केली. मग आक्काचे डोके छताला लागू लागले, म्हणून छताचा पत्राही कापला आणि वर ताडपत्री ताणली. मी मासिकांतून उचललेली सगळी शोभा दुपारपर्यंत अंगणात तुकड्या-तुकड्यांनी पडली. आक्का बाजूने बसली. डावा पाय तिने हाताने ओढला. बूट तळावरून घासत आत गेला. कॅलिपरची कडी सोडून तिने गुडघा वाकवला आणि दाराच्या जागी एक साखळी अडकवली. कुणीही तिला हात लावलेला नव्हता. गाडी निघाली, गल्लीच्या वळणावरून बाहेर पडली, आणि कुठेही वाकली नाही.

पुढे कित्येक वर्षे कोरेगावच्या बाजारातून ती एका बाजूने बिनदाराची, ताडपत्रीची गाडी शाळेकडे जात राहिली. लोक टोकायचे, "बाई, दार इसरलं व्हय?"

"घरी ठिवलंय. तुमच्या घराला नसलं तर घिऊन जावा."

ते दार परसातल्या पाण्याच्या हौदावर झाकण म्हणून पडले होते. मी घरी गेलो, की तोंड धुण्यासाठी मला ते उचलावे लागे. आणि आक्का हमखास विचारायची, "बघ रं, वाकली का?" मी गुडघे टेकून गाडीखाली डोकावण्याचे नाटक करायचो. "अजून नाही. पण लोखंड थकते हळूहळू." ती हसायची. तिला सगळे कळले होते की काय, हे मी कधी विचारले नाही, कारण विचारले असते तर मलाही सांगावे लागले असते.

माझ्या धंद्यात पुढे मी पुष्कळ गाड्यांच्या चर्चा ऐकल्या. स्वस्त गाडी म्हटली की माणसे आधी दारे कमी करतात, मग छत खाली आणतात, आणि म्हणतात, गिऱ्हाइकाला हेच आवडते. मी मवाळ माणूस आहे, आवाज चढवत नाही. पण या एका बाबतीत मी कुणाचे ऐकत नाही. ज्याला आत शिरायचे आहे त्याला आधी खोक्यावर बसवा, मग गाडीचे रूप ठरवा. गाडी पावाच्या डब्यासारखी दिसली तर दिसू द्या. मी हे बोलतो तेव्हा समोरचे लोक मान डोलावतात आणि मला आतून कोरडे वाटते, कारण खडूच्या रेघा कुणी पुसल्या हे त्यांना माहीत नसते.

गेल्या वर्षी आक्का म्हणाली, "आता दाराची गाडी बघू चल." निवृत्त होऊन तिला बरीच वर्षे झाली होती. आम्ही साताऱ्यात विजेवरच्या गाड्यांच्या एका दुकानात गेलो. विक्रेता उत्साहाने सांगत होता: चार दारे, उंच बैठक, मागे डिकी, परवडणारी किंमत. आक्काने कुबडीचे टोक दाराखालच्या पट्टीवर ठेवले आणि विचारले, "ह्यो उंबरा कापून मिळंल का?"

तो हसला. "नाही हो मॅडम. तो कापला तर गाडी मधोमध वाकेल."

या वेळी ते खरे होते. आजच्या गाड्यांना वेगळी चौकट नसते, भार त्या पट्टीवरही असतो. मला हे समजावून सांगता आले असते, आणि पुन्हा एकदा ज्ञानाच्या आडोशाला उभे राहता आले असते. आक्का माझ्याकडे वळून म्हणाली, "ऐकलंस? तुझं मिस्त्री बी असंच म्हणालं हुतं."

विक्रेता ऐकत होता. बाजूला गाडी पाहायला आलेले एक कुटुंब उभे होते. मी आवाज खाली आणला नाही.

"मिस्त्री म्हणाले नव्हते, आक्का. तुझे माप मी पुसले. उंबरा कापता येत होता, हे मला तेव्हाच माहीत होते. मला तुझ्या पायाची लाज वाटली होती. माझे चुकले. मला माफ कर."