पुलाखालचे दाजी

बायकोपेक्षा पुलाच्या कमानींवर जास्त जीव लावणारा नवरा जगात एकच असेल, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. जळकोटकडच्या आमच्या गावाबाहेर निजामाच्या काळातला दगडी पूल आहे. त्याच्या कमानी तुंबल्या की नदीचं पाणी खालच्या गल्लीत घुसतं, आणि तिथंच माझी पिठाची गिरणी. त्या कमानी दाजी मोकळ्या ठेवत, म्हणून त्यांना मी हसले ते गिरणीत बसून, कोरड्या पायांनी. टोकाला लोखंडी आकडा बांधलेला लांब बांबू घेऊन ते कमानीतला गाळ, फांद्या, पिशव्या ओढत बसायचे. पावसाळ्यात बांबू घरात, अक्काच्या उशाशी. त्यांच्या मुलीसाठी स्थळ आलं, तर मुलाच्या बापाला यांनी पहिला प्रश्न केला, "तुमच्याकडल्या पुलाच्या मोऱ्यांतला गाळ कोण काढतंय?" स्थळ परत आलं नाही.

त्यांचं खरं भांडण मेलेल्यांच्या गाद्यांशी. आमच्याकडे माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी त्याचं अंथरूण पुलावरून नदीत टाकतात, आणि ते नेमकं कमानीत अडकतं. दाजी कठड्यापाशी आडवे उभे राहायचे. "माणूस जाळलं, मग गादी जाळाया हात थरथरतेत व्हय?" लोक म्हणत, "दाजी, तुमच्या घरी वेळ आली म्हंजी बघू!"

यंदा श्रावणात अक्का गेली. तिसऱ्या दिवशी भावकीनं तिची गादी पुलावरून टाकली. दाजी तिथंच होते. कठड्यापासून बाजूला सरले.

गादी काठाकडच्या कमानीत अडकली. दुसऱ्या दिवशी दणकून पाऊस झाला आणि पाणी गिरणीच्या पायरीला लागलं, तशी मी नदीवर धावले. दाजी मांडीवर बांबू घेऊन काठावर भिजत बसलेले.

"दाजी, पाणी चढायलंय!"

"दिसायलंय मला."

"मग काढा की!"

"तिची हाय गं ती. आकडा कसा रोवू?"

मी बांबू हिसकावला. आकडा दोनदा निसटला. मागून दाजी पुटपुटले, "हळू. कडंला धर." गादी सुटली, मी ती काठावर ओढली; पाणी धडधडत कमानीतून निघालं. गल्ली वाचली. दाजींनी गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी गादी पिळली. म्हणाले, "वाळली की जाळू."

आता दिवाळी होऊन गेली. गादी त्यांच्या ओसरीत भिंतीला टेकून उभी आहे. विचारलं की म्हणतात, "अजून ओली हाय." मी हात लावून बघत नाही.