गवराबाईने भंडारा पुढे केला

अर्धं अंगण सारवून झालं होतं आणि गवराबाईचा हात कोपरापर्यंत शेणात होता, तेवढ्यात नानासाहेब दाराशी येऊन उभे राहिले. मुंबईच्या एका गिरणीची फुटबॉल टीम ते बघत. गोलाच्या तोंडाशी उभा राहून समोरच्याला अडवणारा गडी, म्हणजे फुलबॅक, शोधत ते देहूरोडला आले होते. चांगला सापडला तर गिरणीत नोकरी आणि टीममध्ये जागा.

"गेनूभाऊ आहेत का वहिनी?"

तिचा नवरा गेनू ओसरीवर पाय लांब करून बसला होता. त्याला तसंच बसावं लागे. गोऱ्या सोल्जरांचं बघून इथली पोरं हा खेळ शिकली, त्यांत गेनू एक नंबरचा. लाकडाच्या वखारीचे मालक मारुतराव टीम चालवत, आणि गेनू त्यांच्याच वखारीत कामाला. एका फायनलच्या आधी त्याचा गुडघा भोपळ्यासारखा सुजला. "एवढा रविवार काढ, मग जन्मभर बसून खा," म्हणत मारुतरावांनी हळदीचा लेप बांधून त्याला उतरवला. कप आला, गुडघा गेला. पुढे, "लंगड्याला ओंडके कसे उचलवणार?" म्हणून वखारीतूनही काढलं. गेनूने ते पांडुरंगावर सोडलं. गवराबाईने सोडलं नव्हतं. सांजवात लावताना ती सगळ्या गावाचं भलं मागे, आणि मारुतरावांच्या नावापाशी आली की ओठ मिटून घेई.

नानासाहेब घोंगडीवर टेकले. "तळवड्याच्या सावळारामला तुम्ही शिकवलंत म्हणे. मारुतराव म्हणतात, पोरगं कच्चं आहे. उंच चेंडूला डोळे मिटतं, डावा पाय नुसता लाकूड, आणि मारामारीत पुढे. दोन वर्षांनी बघा, म्हणाले."

गेनूला हसू आलं. "डोळे मिटतंय? अवो, चेंडूच्या आधी त्याचं डोकं जाग्यावर असतंय. आन मारामारीचं म्हणाल तर ते कुणाच्या अंगावर जातच न्हाई. म्हशीला गोठ्यात घालावं तसं समोरच्याला कडेकडेनं रेटत नेतंय. त्याचा तोल गेला की चेंडू ह्याचा."

"आणि डावा पाय?"

"डावा जरा कच्चा हाय, खोटं कशाला बोलू. बुटाचीबी सवय न्हाई. अनवाणी वाघ, बुटात घातला की नवरदेवावानी चालतंय. पण तुमच्याकडं रोज बूट घालून खेळलं तर बसंल अंगवळणी. इथं राहून न्हाई बसायचं."

"मग मारुतराव असं का म्हणाले?"

"मोठी माणसं. त्यांच्या शब्दावर मी शब्द कशाला ठेवू?"

गवराबाईने बादलीत हात बुडवले. "रविवारी फायनल हाय, नानासाहेब, म्हणून पोरगं कच्चं. कालच इथं गुडघा दाखवून गेलं. सुजलाय. मारुतराव म्हणालेत, लेप बांध आन उतर."

"अगं, जाऊ दे ना," गेनू म्हणाला.

"तुमी बसा. तुमचं जाऊन झालंय."

तिने हात स्वच्छ धुतले, देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची वाटी घेतली, वर बेलाचं पान ठेवलं आणि पदर सारखा करून वखारीची वाट धरली. नानासाहेब मागोमाग.

मारुतराव चार माणसांत बसून बशीतून चहा पीत होते. खंडोबाचा मोठा भक्त माणूस, कपाळी भंडारा लावल्याशिवाय बाहेर पडत नसे. बेल-भंडारा हाती घेऊन खोटं बोलणाऱ्याच्या घरात दिवा लागत नाही, ही इथली समजूत त्यांनीच दुसऱ्यांना कितीदा ऐकवलेली.

"नानासाहेबांस्नी सांगितलंत ते खरं का?" गवराबाईने विचारलं.

"तुला गं काय कळतं फुटबॉलमधलं?"

"कायबी न्हाई. भंडाऱ्यातलं कळतंय. उचला, आन म्हणा, सावळाराम मुंबईच्या लायकीचा न्हाई. मी पाया पडून जाते."

"उचला की मालक, त्यात काय," एकजण बोलून गेला आणि मारुतरावांची नजर लागताच खाली बघू लागला.

मारुतरावांचा हात वाटीपर्यंत आला. तिथून तो धोतराला पुसला गेला.

"खेळात देव आणू नये, गवराबाई."

"बरं. मग त्याचा गुडघा सुजलाय का न्हाई, तेवढं सांगा."

मारुतरावांनी आवाज उतरवला. "एवढा रविवार होऊ दे. कप येऊ दे. मी स्वतः त्याला गाडीत बसवून देतो."

हेच वाक्य तिला त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकायचं होतं. "आमच्या ह्यांनाबी रविवारच सांगितला हुता. आता दुसऱ्याचं पोर तुमच्या रविवाराला देत न्हाई."

नानासाहेब पुढे झाले. "उद्या सकाळच्या गाडीने मी त्याला नेतो. गुडघा बरा होईस्तोवर मैदानावर उतरवणार नाही."

"आणि माझी फायनल?"

"कच्च्या गड्यावाचून तुमचं काय अडणार, मारुतराव?"

कोणीतरी तोंडाला उपरणं लावलं. गवराबाईने चिमूटभर भंडारा उचलून स्वतःच्या हाताने मारुतरावांच्या कपाळी चोळला. नको म्हणायची त्यांची छाती झाली नाही.

"रविवारी हरलात की आरशात बघा," ती म्हणाली. "आजचा भंडारा कुणी लावला हुता ते ध्यानात येईल."

वाटेत नानासाहेबांनी विचारलं, "वहिनी, आता तरी मन निवलं का?"

"न्हाई. रविवारी ह्यांना काठी देऊन मैदानावर नेणार हाय. मारुतरावांच्या टीमला गोल खाताना बघितलं की मग बघू."

रागाच्या भरात पोराच्या आईला मात्र कोणीच विचारलं नव्हतं. दिवस मावळायच्या आत गवराबाईला तळवड्याला जाऊन रतनबाईला सांगायचं होतं.