आवक रजिस्टरातली पहिली ओळ

नोकरीतले खून आणि दरोडे आता आठवणीत एकमेकांत मिसळतात, पण मासे विकणाऱ्या एका बाईवर दाखल झालेला साधा गुन्हा मला जसाच्या तसा आठवतो. त्यात कोणाला ओरखडाही उठला नव्हता. नुकसान झालं ते माझं, आणि ते मी अजून विसरलेलो नाही.

तेव्हा मी भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. नगरपरिषदेच्या अतिक्रमण पथकातल्या एका कर्मचाऱ्याने फिर्याद दिली की बाजारात कारवाई करताना या बाईने त्याची कॉलर धरली. कलम लागलं शासकीय कामात अडथळ्याचं. साक्षीदार दोन, दोघेही त्याच्याच पथकातले. गुन्हा शाबीत झाला असता तर बाई तुरुंगात गेली असती.

बाई कोंढ्याकडच्या एका गावची. नवरा तलावात जाळं टाकायचा, ही बाजारात पाटी घेऊन बसायची. चौकशीला बोलावलं तर ठाण्याच्या पायरीवरूनच तिचं सुरू झालं.

"मी कायले त्याची कॉलर धरू साहेब? त्यानंच माही पाटी नालीत उलथवली. वरून घाण घाण बोलला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नगरपरिषदेत अर्ज देला, तं माह्यावरच केस!"

अर्जाची पोच तिच्याकडे होती. फिर्यादीचं म्हणणं, आपण अडकणार हे ओळखून बाईने मागून खोटा अर्ज दिला. त्याचा स्वतःचा अहवाल त्याआधीच कार्यालयात पोहोचला होता. आवक रजिस्टरची प्रत त्याने जोडली होती. त्यात खरोखरच एकाच तारखेखाली त्याच्या अहवालाचा क्रमांक आधी आणि तिच्या अर्जाचा नंतर होता.

दोन दिवसांनी, बाजारात या केसची चर्चा ऐकून, जवाहरनगरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आपणहून ठाण्यात आले. त्यांच्याकडेही एक पोच होती, नळाच्या तक्रारीची, तारीख तीच.

"साहेब, ऑफिस उघडलं तेव्हा दारात आम्ही दोघंच होतो. ती बाई पुढे, तिच्या मागे मी. तिच्या आधी त्या दिवशी कोणी कागद दिलाच नाही. मग त्याचा नंबर आधी लागला कसा?"

मी नगरपरिषदेत गेलो. मुख्याधिकारी म्हणाले, "रजिस्टर बाहेर जात नाही. लेखी पत्र द्या, मग पाहू."

"पत्र देतो," मी म्हणालो, "पण मग रजिस्टर पंचनामा करून जप्त करीन. उद्यापासून आवक कशात घेता? नाहीतर इथेच अर्धा तास पाहू द्या."

त्यांनी चहा मागवला. रजिस्टरही आलं.

मी त्या तारखेचं पान न पाहता आधी आजचं पान उघडलं. पहिल्या ओळीत फक्त क्रमांक होता, बाकी कोरं. दुसऱ्या ओळीपासून नोंदी भरलेल्या. मागे गेलो तर तीन-चार तारखांची पहिली ओळ तशीच कोरी. हे मला लगेच कळलं, कारण मी शिपाई म्हणून भरती झालो तेव्हा आमच्याही ठाण्यात डायरीत वरिष्ठांसाठी जागा सोडायचे, आणि ती मीच सोडत असे.

"ही ओळ कोणासाठी?" आवक लिपिकाला विचारलं.

"राहून गेली असन साहेब."

"रोज?"

तो खाली पाहू लागला. मग म्हणाला, "मागच्या तारखेत कोणाले काही लावाचं असलं तं कामी येते. त्यानं दुपारी येऊन बाईचा अर्ज माह्याच टेबलावर वाचला. मंग आपला अहवाल लिवला. मले म्हणे, वरच्या ओळीत घे."

लिपिकाचा जबाब पुढे ठेवताच दोन्ही साक्षीदारांनी कॉलर धरताना पाहिलं नसल्याचं सांगितलं. फिर्यादीला ठाण्यात बोलावलं. तो खुर्चीत रेलून म्हणाला, "आमच्या ऑफिसातलं आम्ही पाहू, तुम्ही कायले डोकं खपवता?" तेव्हा मात्र माझा तोल गेला. नगरपरिषद तुझ्या बापाची आहे का, असं मी ओरडलो. सगळ्या ठाण्याने ऐकलं.

फिर्याद खोटी ठरली, तसा ब-समरी अहवाल आम्ही न्यायालयात पाठवला आणि तो मंजूर झाला.

इकडे कर्मचाऱ्यांच्या संघटनेने माझ्या वर्तनाची तक्रार अधीक्षक कार्यालयात केली. तिची चौकशी मात्र काटेकोर झाली. माझ्याच शिपायांचे जबाब घेतले, मला सक्त ताकीद मिळाली आणि बढतीच्या यादीतून नाव गेलं. ओरडलो होतो, नाकारत नाही. पण त्या यादीत माझ्या जागी कोण गेलं हे मला माहीत आहे आणि त्याचा राग अजून येतो.

काही दिवसांनी बाजारातून जाताना त्या बाईने हाक मारली. "साहेब, माह्या अर्जाचं काय झालं?"

मी नगरपरिषदेकडून माहिती मागवली. तिचा अर्ज अहवालासाठी त्याच पथकाकडे पाठवला होता. पुढे त्या कर्मचाऱ्याला दुसऱ्या विभागात टाकलं आणि अर्ज 'दप्तरी दाखल' झाला, म्हणजे फाइल बंद. मी जाऊन तिला तसं सांगितलं. ती खवले काढत होती. हात थांबवला नाही.

"मंग त्यानं पाटी उलथवली का नाही, हे कोणी त्याले इचारलंच नाही?"

नव्हतं विचारलं. तो माणूस माझ्यासमोर तासभर बसला होता. मी त्याला रजिस्टर, क्रमांक, साक्षीदार, सगळं विचारलं, पाटीचं विचारलं नाही. मी तपास केला तो त्याच्या तक्रारीचा. तिच्या तक्रारीचा तपास कोणीच केला नाही.