एका प्रार्थनेपुरता उजेड

तपकिरीचा वास आला की आजही माझ्या डोळ्यांसमोर ओला फोटो तरंगतो. सत्तरच्या दशकात माणिकपूरला माझ्या मास्तरांचा फोटो स्टुडिओ होता, काडेपेटीएवढा. फोटोवाला, गिऱ्हाईक आणि कॅमेरा या तिघांपैकी दोघेच आत मावत. घरच्या वाडीतली केळीची कामं सोडून मी तिथे फोटोग्राफीच्या डिप्लोमाची तयारी करायचो.

डार्करूममध्ये घड्याळ नव्हतं. कागदावर उजेड पाडायचा तो मास्तरांच्या चर्चमधली ‘नमो मारिया’ ही प्रार्थना एकदा म्हणून होईपर्यंत. प्रार्थनेच्या मध्यावर मास्तर चिमूटभर तपकीर ओढत, पार विरारचे कावळे उडतील अशी शिंक देत आणि मग उरलेली प्रार्थना पुरी करत. फोटो असा उतरे, की नवरीच्या नथीतले मोती मोजून घ्यावेत! मी माळकरी घरातला, पण त्यांच्या सुरात सूर मिसळून महिन्याभरात फादरांपेक्षा खणखणीत म्हणू लागलो.

परीक्षेत तीनच कागद मिळाले. एकट्याने मनात प्रार्थना म्हटली. पहिला फोटो फिका. पुन्हा म्हटली, घाईघाईत; दुसरा तर तांदळाच्या पिठासारखा. तिसरा बिघडला की वर्ष गेलं! तेव्हा कुठे लक्षात आलं: मी तपकिरीचा वेळ धरलाच नव्हता. तिसऱ्या खेपेला मध्येच थांबलो, रिकामी चिमूट नाकाला लावली आणि खोटी शिंक दिली. परीक्षक दचकले. मी पास झालो.

फोटो घेऊन धावत मास्तरांकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो बराच वेळ न्याहाळला.

“केसांत काळं जरा कमी पडलं रे,” ते म्हणाले. “शिंक लहान दिलीस ना?”