जावेची कळलावी

पोरांनो, परवा तुम्ही फोटो पाठवलात. तिकडच्या फुलवाल्याच्या दुकानातली कळलावी: पाकळ्या ज्वाळांसारख्या वर वळलेल्या, बुडाशी पिवळ्या, टोकाला लाल. खाली लिहिलंत, ‘आजी, तू वाचवलेली ती हीच ना?’ तसं तुमच्या आईला मीच सांगितलं होतं. ते खरं नव्हतं. आणखी थांबले तर दुरुस्त करायचं राहून जाईल, म्हणून आज लिहिते.

निजामाचं राज्य संपायच्या चार-पाच वर्षं आधीची गोष्ट. आमचं गाव औंढ्याच्या बाजूला. मी लग्न होऊन आले तेव्हा गावामागची टेकडी श्रावणात कळलावीनं लाल व्हायची. हिचा कंद औषधी, आणि तितकाच विषारी. शहरातल्या वैद्यांसाठी मुळ्या खणणारे यायचे आणि पोती भरून न्यायचे. बघता बघता टेकडीवर बाराच वेल उरले.

घरात मॅट्रिक झालेली मी एकटी. वनस्पतिशास्त्राचं इंग्रजी पुस्तकही माझ्याकडे होतं. ही फुलं वाचवायची तर मीच, असं मी ठरवलं. फुलांवर असतानाच वेलांना चिंध्या बांधून खुणा केल्या आणि दिवाळीनंतर कंद काढले. नांगरासारखे, दोन फाट्यांचे. अखंड निघाले ते परसात रॉकेलच्या डब्यांत लावले, डब्यांवर आकडे घातले. खणताना मोडलेले फाटे उकिरड्यावर टाकले. डब्यांना रोज सकाळी पाणी घातलं. माघात बोट घालून पाहिलं तर आत चिखल आणि कुजलेल्या कंदांचा वास.

आषाढात परसाच्या कुंपणावर मात्र कोंब चढले. माझ्या धाकट्या जावेनं उकिरड्यावरचे तुकडे उचलून फुटक्या मडक्यात कोरड्या मातीत ठेवले होते आणि हळदीबरोबर लावले होते. ती पुसेगावकडची, हळद लावणाऱ्या घरातली. तिला अक्षरओळख नव्हती.

“बाई, हळदीच्या बेण्याला आमी कुठं पाणी घालून राहिलो? त्यालाबी झोप लागती,” ती म्हणाली. “अन् फाटा मोडला म्हून काय झालं? डोळा शाबूत हाय की.”

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या येईल-जाईल त्या बाईला कुंपण दाखवायच्या. “थोरलीनं इंग्रजीत पाणी घातलं, कंदाला समजलंच न्हाई!” बाया हसायच्या. जाऊ हसत नसे, त्याचाही मला राग येई. कुंपणाकडे बघायचं नाही असं ठरवून मी रोज बघत असे. एकदा पहाटे उठून सगळ्या कळ्या खुडाव्यात, असंही मनात आलं.

मी त्याहून वाईट केलं. रब्बीच्या पेरणीला बैलांवरून आमच्या नवऱ्यांत, दोघा भावांत, बोलाचाली झाली होती. त्याच दुपारी मी आत्याबाईंना म्हटलं, “हा वेल दारात आला की घर फुटतं म्हणतात.” या समजुतीला मी स्वतः कित्येकदा हसले होते. आत्याबाई घाबरल्या. “आत्ता उपट,” म्हणाल्या. जावेनं पाय धरून दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली.

वेल वाळले तसे तिनं कंद काढून टोपलीत भरले आणि माझ्यासमोर कुदळ टाकली.

“चला टेकडीवर. तुमी खणलेल्या जागा तुमालाच ठाव्या.”

“मी कशाला?”

“आत्याबाईच्या कानाला जी लागली, तिनंच खड्डे करावेत.”

मी गेले. खड्डे मी केले. ती एकेक कंद बरोबर सांध्यावर मोडायची, एकाचे दोन करून पुरायची. तिच्या हातांचा मला तेव्हाही हेवा वाटत होता. वेल कुठं लावले ते खणणाऱ्यांना सांगायचं नाही, असं तिनं मला बजावलं. एवढं मात्र मी पाळलं. पुढं रझाकारांच्या धामधुमीत टेकडीवर कोणी फिरकेना, खणणारेही नाही.

जाऊ आता नाही. तिची मी कधी माफी मागितली नाही, आणि माझा मत्सर पूर्ण गेला असंही लिहिणार नाही. टेकडीच्या उत्तर उतारावर, करवंदीच्या जाळ्यांत, तिनं लावलेली कळलावी आहे. गेल्या भाद्रपदातही फुलली होती.