नेफेल्सकाकांची सुट्टी

सिंगापूरच्या आमच्या ऑफिसात पन्नासेक माणसं होती, आणि त्यांतल्या एकट्या काकांना स्वित्झर्लंडमधल्या ग्लारूस कॅन्टनची, म्हणजे तिथल्या एका प्रांताची, सुट्टी लागू होती. ती त्यांची त्यांनीच लागू करून घेतलेली. दिवाळीला कामावर हजर, गणपतीत फार तर अर्धा दिवस. पण एप्रिलचा पहिला गुरुवार म्हटला की नाही म्हणजे नाही. हक्काच्या रजेतला एक दिवस टाकायचे आणि अर्जात कारण लिहायचे, ‘लढाई’. एचआरच्या बाई दरवर्षी नव्यानं चक्रावायच्या. आम्ही त्यांना तोंडावरच नेफेल्सकाका म्हणायचो आणि त्यांना ते मनापासून आवडायचं.

हे खूळ कसं लागलं, तेही ऐका. आमची कंपनी कापडगिरण्यांची यंत्रं करणारी, मुख्य कचेरी ग्लारूसमध्ये. काका इथे शिपिंगचे कागद बघायचे. मी पुण्याहून इथे येण्याच्या कितीतरी आधी एकदा एक कंटेनर बंदरात अडकला. हेड ऑफिसची एक सही हवी होती आणि दिवसभर तिकडे कुणी फोन उचलेना. काकांचं डोकं फिरलं. अशा वेळी आपण घरी जे म्हणतो तेच त्यांनी इंग्रजीत ईमेल करून पाठवलं: ‘मेलात की काय सगळे?’ दुसऱ्या दिवशी तिकडच्या एका म्हाताऱ्या कारकुनाचं शांत उत्तर आलं. आम्ही ठीक आहोत. मेले ते सहाशे वर्षांपूर्वी, नेफेल्सच्या लढाईत. काल आम्ही त्यांची नावं वाचत होतो.

“मेल्याहून मेल्यासारखं झालं गं मला,” काका सांगायचे. मग त्यांनी माफी मागितली आणि खोदून खोदून सगळं विचारून घेतलं. मूठभर डोंगरी माणसांनी ऑस्ट्रियाची मोठी फौज परतवली, त्याची ती सुट्टी. त्या दिवशी लोक रांगेनं चालत जुन्या रणभूमीवर जातात आणि तिथे पडलेल्या प्रत्येकाचं नाव मोठ्यानं वाचलं जातं. “सहाशे वर्षं! आणि आपल्याला पणजोबांचं नाव विचारलं तर आपण एकमेकांकडे बघतो.”

पँट्रीत ते ही लढाई लावायचे. मायलो पावडरचा डबा म्हणजे डोंगर, साखरेच्या पुड्या म्हणजे शत्रूचे घोडेस्वार. धुकं, बर्फ, वरून सुटलेले दगड, सगळं साग्रसंगीत. “आणि त्यांचा पुढारी ओरडला, अरे बघता काय, लोटा!” मी म्हणायचे, “काका, तो मराठीत ओरडला?” ते उसळून म्हणायचे, “मग काय! पावनखिंडीत लढणाऱ्यांची भाषा सगळीकडे एकच असते.”

एका रविवारी हौगांग भागातल्या त्यांच्या फ्लॅटवर जेवायला गेलो होतो. माझी सात वर्षांची लेक सगळी लढाई ऐकून सिंगापुरी हेलात म्हणाली, “बट अंकल, यू आर नॉट स्विस, लाह!” काका खो खो हसले. मग ताटात बघत म्हणाले, “नाहीच गं. पण एकदा तिथे उभं राहून ती नावं कानांनी ऐकायचीत मला. बाकी काही मागणं नाही.” काकू वरणावर तूप वाढत म्हणाल्या, “कुठे कोण मेलंय तेवढं ह्यांना कळवा. लगेच रजा टाकतील.”

तेवढं एक मागणंही जमेना बघा. नोकरीत होते तोवर हेड ऑफिसला मॅनेजर जायचे, काका कधीच नाहीत. निवृत्त झाल्यावर तिकीट काढलं, लोकरी टोपी घेतली, आणि काकूंचं डायलिसिस सुरू झालं. काकू म्हणाल्या, “जा हो तुम्ही, मी बघते माझं.” काकांनी तिकीट रद्द केलं. “ती नावं सहाशे वर्षं थांबलीत, अजून एक वर्ष थांबतील,” म्हणाले. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षी तेच. मग त्यांचंच हृदय कुरकुरायला लागलं आणि डॉक्टरांनी विमान बंद केलं. मला इतका राग आला होता, पण तो काढणार कुणावर?

काका जाऊन आता दोन वर्षं झाली. फार आठवण येते. त्यांच्या शेवटच्या एप्रिलमध्ये मला ट्रेनिंगसाठी ग्लारूसला पाठवलं. तारखा मीच खटपट करून तशा घेतल्या होत्या. निघताना काकांनी बजावलं, “फोन खिशात ठेवू नकोस. हात दुखला तरी वर धरून ठेव.”

नेफेल्सच्या मैदानात सकाळचे दहा, सिंगापुरात दुपारचे चार. बोटं गारठली होती, झिरझिर पाऊस होता, आणि गर्दी असूनही कुणी खोकतसुद्धा नव्हतं. काळ्या कपड्यातला एक गृहस्थ एकेक नाव वाचत होता. व्हिडिओ कॉल लावलेल्या माझ्या फोनच्या स्क्रीनवर काका इस्त्रीचा पांढरा सदरा घालून ताठ उभे होते. शेजारी खुर्चीत काकू. शेवटचं नाव झालं, माणसांनी टोप्या घातल्या. मी हळूच म्हटलं, “काका, झालं.”

ते हलले नाहीत. मग त्याच संथ सुरात म्हणाले, “वसंत रामचंद्र.”

मी गोंधळले. “हे कोण, काका?”

“धाकटा भाऊ माझा. एकाहत्तरच्या लढाईत गेला. त्याचं नाव निघालं की आई दोन-दोन दिवस जेवायची नाही, म्हणून घरात कुणी घेईनासं झालं. मग आई गेली. पण तोवर आमची जीभच वळेनाशी झाली होती.”

“लग्न होऊन आल्यापासून त्या भाऊजींच्या फोटोला हार मी घालते,” काकू मला म्हणाल्या, “पण ह्यांच्या तोंडून नाव आज ऐकलं गं.” मग पदरानं डोळे पुसून काकांना म्हणाल्या, “परत एकदा घ्या ना.”

काकांनी घेतलं. असं खणखणीत, की त्या ओल्या मैदानात माझ्या पुढच्या दोन म्हाताऱ्या वळल्या आणि त्यांनी मान लववली.