टेबलाच्या माझ्या बाजूनं

मी गाव सोडलं त्या दिवशी मला पोचवायला स्टेशनावर कोणी आलं नव्हतं. आबा ड्युटीवर होते. आबा म्हणजे माझे वडील, रेल्वेत गेटमन. स्टेशन सुटलं की जरा पुढंच त्यांचं फाटक लागायचं. मी मुद्दाम त्या अंगाची खिडकी धरून बसलो. गाडी फाटकाशी आली आणि पाहतो तर काय, आबा खाकी शर्टात ताठ उभे, हातात हिरवी झेंडी! मला वाटलं, बापानं पोरासाठी झेंडी धरली. मी अर्धा खिडकीबाहेर निघालो, दोन्ही हात हलवले, "आबा, आबा" करून बोंबललो. दोन्ही हात वर गेले म्हणून मांडीवरची पिशवी खाली गेली, पार खिडकीबाहेर. मायनं दिलेल्या दशम्या रुळाच्या कडेला, आणि मी सुरतेच्या वाटेला. आबांनी मान सुद्धा वळवली नाही. शेवटचा डबा जाईस्तोवर झेंडी तशीच.

आठ दिवसांनी गावचा एक जण सुरतेत आला, त्याच्याजवळ आबांचा निरोप होता. "दशम्या कुत्रानी खाद्यात. आनि झेंडी तुले नव्हती, गाडीले व्हती."

तर मंडळी, गावात राहिलेले आणि माझ्यासारखे गाव सोडलेले, तुम्हा सगळ्यांसाठी हे सांगतोय. मी बोलतोय आणि माझी पोरगी प्रज्ञा मोबाइलवर लिहितेय. शाळेत मी चौथीपर्यंत गेलो. गेलो म्हणजे जाऊन आलो. सोबत काही आणलं नाही. सुरतेत उतरलो तेव्हा बरोबरची शिकलेली पोरं रडकुंडीला आली, सगळ्या पाट्या गुजरातीत, एक अक्षर कळेना. मला काहीच त्रास झाला नाही. मला मराठी पाटी पण तितकीच कळत होती.

डिंडोलीत एका खोलीत आम्ही नऊ जण राहायचो. आधी कडोदऱ्याला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर लागलो. तिथं कानाला दडे बसले, म्हणून पुढं प्रिंटिंगच्या कारखान्यात आलो, तो आजतागायत तिथंच आहे. लग्न झालं, प्रज्ञा झाली, पण गावाला फोन केला की आबांचा एकच प्रश्न, "काय काम करस रे तू?" मी सांगायचो, साड्या छापतो. आबा म्हणायचे, "बरं." तीस वर्षं रेल्वेत ज्यानं एकदा चुकीची झेंडी दाखवली नाही, त्या माणसाला चौथी नापास पोराच्या साडीवरच्या फुलांचं काय कौतुक? त्यांचा तो "बरं" मला फार लागायचा, बरं का. प्रज्ञा, दोन "बरं" आले तर येऊ दे.

आता आमचं काम कसं असतं ते सांगतो, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. हे लांबच लांब टेबल. त्यावर कापड ताणून चिकटवलेलं. त्यावर फ्रेम ठेवायची, रंग ओतायचा आणि रबराच्या पट्टीनं ओढायचा. टेबलाच्या या बाजूला एक माणूस, त्या बाजूला एक. अर्ध्यापर्यंत मी ढकलायचं, पुढं समोरच्यानं ओढायचं. माझ्यासमोर बिपिन. ओडिशाचा गडी, सतरा वर्षं माझ्यासमोर उभा आहे. बायकोचं तोंड मी इतकं पाहिलं नाही जितकं बिपिनचं पाहिलंय. साडीला वर-खाली काही नसतं, त्यामुळं कोण कुठल्या बाजूला उभा आहे यानं आजवर काही बिघडलं नव्हतं.

मग झेंड्याचं काम आलं. आधी झेंडा खादीचाच असायचा. नियम बदलला, पॉलिस्टरचा पण चालायला लागला, आणि पॉलिस्टर म्हटलं की सुरतच. कारखान्याच्या मास्तरनं सगळ्यांना गोळा करून समजावलं. लांबी तीन तर रुंदी दोन. चाक गडद निळं, बरोबर मधोमध, दोन्ही अंगांनी सारखं दिसलं पाहिजे. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, बिघडलेला पीस पुसायला घ्यायचा नाही. साडीचा पीस बिघडला तर आम्ही त्यानंच टेबल पुसतो, हात पुसतो, घाम पुसतो. झेंड्याचं तसं नाही. बिघडलेला सुद्धा घडी करून वेगळ्या पेटीत. दुसऱ्या दिवशी पाहतो तर टेबलाजवळ कोणाच्याच पायात चप्पल नाही. कोणी सांगितलं नव्हतं. तंबाखू खाणारे बाहेर जाऊन थुंकून, तोंड धुऊन यायला लागले. मी पण. त्या दिवसांत माझ्या दातांनी पहिल्यांदा उजेड पाहिला.

त्या दिवशी मी आबांना फोन केला. म्हटलं, "आबा, झेंडा छापतोय. आपला. तिरंगा." आबा म्हणाले, "चाकना आरा मोजात का? चोवीस शेतस." आमच्या घरात ते चाक म्हणजे धम्माचं चाक. भिंतीवर पंचशील झेंडा आहे, त्याच्याशेजारी आबांनी तिरंग्याचं कॅलेंडर लावलेलं. लहानपणी सांगायचे, केशरी त्यागाचा, पांढरा शांतीचा, हिरवा मातीचा, आणि मधलं चाक सांगतं, थांबू नका. मी लगेच मोजायला गेलो. पहिल्यांदा तेवीस आले. घाबरलो. दुसऱ्यांदा सव्वीस. बिपिननं कपाळाला हात लावला, एका आऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "यहाँ से चालू कर, और मेरे बोट पे आया तो रुक जा, बाबा." बघा, ओडिशाचा माणूस "बोट" म्हणायला लागला. तेव्हा कुठं चोवीस आले.

पंधरा ऑगस्टला आबा आले. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा सुरतेत, आणि मी न बोलावता. आमच्या गल्लीत दरवर्षी झेंडावंदन असतं. गुजराती, खानदेशी, यूपीवाले, ओडिशावाले, सगळे जमतात. प्रमुख म्हणजे रमणकाका, शाळेतले रिटायर मास्तर. दरवर्षी मला खुर्च्या लावायचं काम. यंदा रमणकाका म्हणाले, "भाई, झंडा तो तुम बनाते हो, बांधोगे भी तुम." गल्लीत एवढी वर्षं काढली, पण माझ्याकडं खुर्चीशिवाय काही दिलेलं हे पहिलं. आणि ते आबांच्या समोर! आबांना पुढच्या रांगेत बसवलं. मी नवा शर्ट घातला. बिपिन म्हणाला, मदत करू? मी म्हटलं, "चल हट. माझ्या हाताखालून किती गेले माहीत आहे ना?"

फुलं घातली, घडी केली, दोरी बांधली. डोळे मिटून बांधली असती तरी चाललं असतं, असं वाटत होतं. खरं सांगतो, डोळे मिटूनच बांधल्यासारखी झाली.

माइकवर प्रज्ञा. शाळेत भाषणात पहिली येते, म्हणून तिला ठेवलेली. रमणकाकांनी दोरी ओढली, फुलं पडली, आणि पोरगी खणखणीत आवाजात म्हणाली, "सबसे ऊपर केसरिया!"

सगळ्यांनी वर पाहिलं. वर हिरवा.

आधी एक पोरगा ओरडला, "एय, आ तो उंधो छे!" उंधो म्हणजे उलटा. मग सगळी गल्ली. "उंधो, उंधो!" कोणी मोबाइल काढला. रमणकाका ओरडले, "मोबाइल नीचे!" उलटा झेंडा म्हणजे गुन्हा, एवढं मला पण माहीत होतं. पण खरं सांगू? मला पोलीस दिसत नव्हते. मला पुढच्या रांगेतली एकच खुर्ची दिसत होती.

आबा उठले. वाटलं, आता गाडी पकडायला निघाले. पण त्यांनी फाटकावरचा तो आवाज काढला, जो गाडीच्या आवाजात पण ऐकू जायचा. "चुकी जास रे! उतारी ले. नीट बांध. भिऊ नको!"

मी दोरी हळूहळू सोडली. झेंडा जमिनीला लागू नये म्हणून बिपिन पळत आला आणि त्यानं दोन्ही हातांवर कापड झेललं. आम्ही झेंडा आडवा धरून समोरासमोर उभे राहिलो, अगदी टेबलावर राहतो तसे. माझ्या पोटाशी केशरी, त्याच्या पोटाशी हिरवा. बिपिन एकदम हसायला लागला. म्हणाला, "अरे, तेरी गलती नहीं है. तू तो रोज़ उधर से देखता है! इधर आ."

माझ्या जागी रमणकाकांनी झेंडा धरला आणि मी वळसा घालून बिपिनच्या बाजूला गेलो. मंडळी, दोन महिने मी झेंडा छापला, आणि सरळ झेंडा त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. माझ्या बाजूनं कायम हिरवा दूर, म्हणजे वर, आणि केशरी जवळ, म्हणजे खाली. घरचं कॅलेंडर जन्मभर पाहिलं, पण हाताला जे पाठ झालं ते उलटंच. चाकानं तरी सांगावं, तर त्याला वर-खाली नसतंच.

माइक हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, "चूक माझी आहे. मैं टेबल की उस तरफ खड़ा रहता हूँ." दोन सेकंद कोणाला कळलं नाही. बिपिननं हातवारे करून समजावलं तेव्हा आख्खी गल्ली हसली, आणि ते हसू बोचणारं नव्हतं. हसली नाही ती फक्त प्रज्ञा. ती आत्ता हे लिहिताना पण दात खातेय.

मग बिपिननं वरची गाठ मारली, मी खालची. रमणकाकांनी चष्मा लावून तपासलं, आबांनी चष्म्याशिवाय. दोरी ओढली. वर केशरी. कोणी तरी आधीच "जन गण" धरलं, मागून सगळे. माझ्या हातचा झेंडा, आणि त्याच्याखाली चार राज्यांची आणि चार भाषांची माणसं एका सुरात बेसूर गात होती. मी सगळ्यात बेसूर. आबांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी पुसलं नाही, सावधान होते.

नंतर चहाला आबा रमणकाकांना अहिराणीतून सांगत होते, "हाऊ झेंडा मना पोऱ्यानी छापेल शे." रमणकाकांना एक शब्द कळत नव्हता. ते प्रत्येक वेळी "सरस, सरस" म्हणायचे. आबांनी तेच चार माणसांना सांगितलं, मग बिपिनला पण सांगितलं, जो स्वतः अर्धा झेंडा छापतो. मला मात्र निघताना फक्त म्हणाले, "काम चांगलं शे तुनं." त्या एका वाक्यावर माझं पुढचं वर्ष निघेल.

गावी आलो की तुम्ही विचारता, परत कधी जाणार? इथं लोक विचारतात, गाँव कब जाना है? दोन्हीकडं मी पाहुणा, असं मला फार वर्षं वाटायचं. आता तसं वाटत नाही. सुरतेत हिवाळ्यात उंधियू करतात. सगळ्या भाज्या मडक्यात भरतात आणि मडकं उलटं करून शिजवतात. उंधो, म्हणून उंधियू. त्या दिवसापासून गल्लीतली पोरं मला उंधियूकाका म्हणतात. भाजीवाला म्हणतो, दूधवाला म्हणतो, बायको पण चिडली की म्हणते. परवा रमणकाकांनी सोसायटीच्या वहीत पुढच्या वर्षीच्या झेंड्याचं काम लिहिलं, बांधणार कोण, तर उंधियूकाका.

तेव्हा या कधीतरी. डिंडोलीत उतरलात की माझं नाव विचारत बसू नका, कोणाला माहीत नाही. उंधियूकाकाचं घर कुठं, एवढंच विचारा. पहिलं भेटेल ते पोरगं दारापर्यंत आणून सोडेल.